पस्तिशी उलटलेला टाइट एंड संघात घ्यावा का?

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये फँटसी फुटबॉलच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉलवर आधारलेल्या कागदी खेळाच्या) लीगची जमवाजमव सुरू होते. बारा जण लागतात, दहा-अकरा हाताशी असतात, मग नुकत्याच पुण्याहून नाहीतर नाशिकहून आलेल्या एखाद्याला बारावा म्हणून ओढलं जातं. तो बिचारा जन्मभर क्रिकेट पाहिलेला. ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू निवडायच्या संध्याकाळी त्याच्यापुढे शेकडो नावांची यादी उघडते आणि त्यातलं एकच नाव त्याला ओळखीचं वाटतं, ते म्हणजे ट्रॅव्हिस केल्सी. ओळख अर्थातच गायिका टेलर स्विफ्टशी असलेल्या त्याच्या नात्यामुळे. तो लगेच केल्सीला उचलतो आणि बाकीचे अकरा जण गालातल्या गालात हसतात.

ते हसणं कितपत रास्त, हा या लेखाचा विषय. केल्सी हा कॅन्सस सिटी चीफ्स संघाचा टाइट एंड, म्हणजे समोरच्यांना अडवणारा आणि चेंडूही झेलणारा खेळाडू. जन्म 5 ऑक्टोबर 1989 चा, म्हणजे 2025 चा हंगाम सुरू असताना त्याने छत्तिसावं ओलांडलं. या जागेवर आजवर खेळलेल्या सर्वोत्तम दोन-तीन खेळाडूंमध्ये त्याचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. पण फँटसीत थोरवीला गुण नसतात. तिथे प्रश्न एवढाच असतो की हा माणूस दर आठवड्याला मला इतरांपेक्षा किती जास्त देईल, आणि त्यासाठी मी काय मोजतोय. वय झालेल्या खेळाडूच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नावाच्या झगमगाटात दिसेनाशा होतात.

आधी खेळ समजून घेऊ

ड्रीम इलेव्हन खेळलेल्यांना निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. खऱ्या खेळाडूंचा आपला एक कागदी संघ करायचा, आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात. (2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि भारतात पैसे लावून खेळायच्या अशा स्पर्धा बंद झाल्या, तो विषय वेगळा.) अमेरिकेत ही कल्पना बरीच जुनी आहे. 1962 साली ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले होते, तिथल्या हॉटेलात त्यांनी दोघाचौघांना घेऊन याचे पहिले नियम मांडले.

ड्रीम इलेव्हनपेक्षा इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. एक म्हणजे संघ एका सामन्यापुरता नसतो. सप्टेंबरमध्ये निवडलेला संघ डिसेंबरअखेरपर्यंत सांभाळायचा, दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी सामना. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ड्रीम इलेव्हनमध्ये विराट कोहली एकाच वेळी लाखो लोकांच्या संघात असू शकतो. इथे केल्सी बारांपैकी एकाकडेच. तुम्ही घेतलात तर बाकी अकरांना तो मिळत नाही, दुसऱ्याने घेतला तर तुम्हाला नाही.

म्हणून निवड पाळीपाळीने होते. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्या फेरीत उलट, बारा ते एक. म्हणजे ज्याला पहिला खेळाडू मिळाला त्याची पुढची पाळी थेट चोविसावी. या दोन पाळ्यांमध्ये बावीस चांगले खेळाडू डोळ्यांदेखत निघून जातात. त्यामुळे एखाद्याला दुसऱ्या फेरीत घेणं आणि सातव्या फेरीत घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. काही लीगमध्ये आयपीएलसारखा लिलाव असतो, प्रत्येकाला बहुधा 200 काल्पनिक डॉलर मिळतात. तिथे हाच हिशेब पैशांत दिसतो.

संघात साधारण एक क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे), दोन किंवा तीन वाइड रिसीव्हर (पुढे पळून चेंडू झेलणारे), एक टाइट एंड, एक मोकळी जागा, किकर आणि डिफेन्स. टाइट एंड एकच लागतो, हे लक्षात ठेवा. आपल्या सगळ्या हिशेबाची चावी तिथे आहे.

टाइट एंड नेमकं करतो काय

मैदानावर हा गडी दोन नोकऱ्या करतो. आक्रमणाच्या ओळीत धिप्पाड माणसं समोरच्यांना अडवायला उभी असतात, त्या ओळीच्या टोकाला याची जागा. कधी तो त्यांच्याबरोबर अडवतो, कधी ओळ सोडून पुढे पळतो आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलतो. झेलला की त्याचा कॅच, जितका पुढे गेला तितके यार्ड, आणि शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन.

गंमत अशी की फँटसीत पहिल्या नोकरीला शून्य गुण आहेत. एखादा टाइट एंड अख्खा हंगाम भिंतीसारखा उभा राहून रनिंग बॅकला वाट करून देतो, प्रशिक्षक त्याच्यावर खूश असतात, पण आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. बत्तीस संघांत मिळून टाइट एंड डझनांनी आहेत, पण ज्यांच्याकडे दर आठवड्याला सात-आठ वेळा चेंडू फेकला जातो असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. केल्सी त्यांतला. अडवायला तो उभा राहतोच, पण त्याचं खरं पोट भरतं ते झेलण्यावर.

झेलण्यातही तो वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. शाळेत असताना तो स्वतः क्वार्टरबॅक होता आणि ते त्याच्या खेळात दिसतं. समोरचा बचाव जागा वाटून घेऊन उभा असेल तर दोघांच्या मधली रिकामी जागा कुठे पडणार हे त्याला आधीच कळतं, तिथे जाऊन तो चक्क थांबतो आणि वळून चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सकडे बघतो. ही हुशारी पायांपेक्षा उशिरा म्हातारी होते. रनिंग बॅकचं सत्ताविशी-अठ्ठाविशीतच उतरणीला लागतं, टाइट एंड मात्र तिशीनंतरही टिकतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

गुणांचा खेळ

सर्वसाधारण पद्धत अशी : दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा. कॅचला किती, यावर लीगची जात ठरते. काही ठिकाणी प्रत्येक कॅचला पूर्ण एक गुण, काही ठिकाणी अर्धा, जुन्या वळणाच्या लीगमध्ये काहीच नाही. ईएसपीएनवर लीग काढली तर मुळात पूर्ण गुणाची पद्धत येते, याहूवर अर्ध्याची. आपल्या लीगची पद्धत न बघता ड्राफ्टला बसणारे दरवर्षी भेटतात.

ही पद्धत किती फरक करते ते केल्सीच्याच तीन सामन्यांत दिसतं. 4 नोव्हेंबर 2024, सोमवार रात्र, टँपा बे बकनियर्सविरुद्ध. केल्सीने 14 कॅच घेतले, बरोबर 100 यार्ड केले, टचडाउन एकही नाही. पूर्ण गुणाच्या लीगमध्ये 24 गुण झाले, अर्ध्याच्या लीगमध्ये 17, आणि कॅचला काही न देणाऱ्या लीगमध्ये फक्त 10. एकाच रात्रीचा एकच खेळ, पण एका लीगमध्ये सामना जिंकून देणारा आणि दुसऱ्यात जेमतेम बरा.

आता 10 ऑक्टोबर 2022 घ्या, समोर लास व्हेगस रेडर्स. सात कॅच, एकूण यार्ड फक्त 25. एवढंच सांगितलं तर सामना फुकट गेला असं वाटेल. पण त्या सातांत चार टचडाउन होते, म्हणजे कॅचचे गुण धरून 33.5. टचडाउन हे असं असतं. शेवटच्या पाच यार्डांत चेंडू कोणाकडे फेकला जाईल हे प्रशिक्षकाच्या कागदावर आणि बरंचसं नशिबावर. आणि तिसरा सामना, 2024 चा दुसरा आठवडा, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध : एक कॅच, पाच यार्ड, दीड गुण. त्या आठवड्यात केल्सी ज्याच्या संघात होता त्याने सोमवार कसा काढला असेल ते सांगायला नको.

फरक विकत घ्यायचा असतो

2022 साली केल्सीने 110 कॅच, 1338 यार्ड आणि 12 टचडाउन केले. पूर्ण गुणाच्या पद्धतीने झेलण्याचेच जवळपास 316 गुण होतात. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाचा टाइट एंड होता टी. जे. हॉकन्सन. 86 कॅच, 914 यार्ड, 6 टचडाउन, म्हणजे 213 च्या आसपास. पहिल्या आणि दुसऱ्यात शंभरावर गुणांची दरी! 17 सामन्यांत वाटली तर दर सामन्याला सहा गुण जास्त, आणि हे दुसऱ्या क्रमांकाच्या माणसापेक्षा. बाराव्या क्रमांकाचा टाइट एंड असलेल्या गरिबाशी तुलना केली तर फरक आणखी मोठा.

वाइड रिसीव्हरमध्ये असं होत नाही. तिथे पहिल्या आणि पाचव्यात फरक असतो, पण तिसाव्यालाही उभं करता येतं, कारण उपयोगाचे रिसीव्हर मुबलक. टाइट एंडच्या जागेवर चांगल्यांची टंचाई आणि केल्सी त्या टंचाईतला राजा, म्हणून 2023 च्या ड्राफ्टमध्ये लोक त्याला पहिल्या फेरीत घेत होते. टाइट एंडला पहिल्या फेरीत घेणं एरवी वेडेपणा समजला जातो. पण वर्षानुवर्षं हीच एक जागा अशी होती जिथे एक माणूस घेतला की बाकी अकरा जणांवर आठवड्याला पाच-सहा गुणांची आघाडी घरबसल्या मिळायची.

तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. 2016 ते 2022 अशी सलग सात वर्षं त्याने हजारावर यार्ड केले होते, कोणत्याही टाइट एंडने सलग इतकी वर्षं हे केलं नव्हतं. 2020 मध्ये तर 15 सामन्यांत 1416 यार्ड. असा आलेख बघून कोणालाही वाटेल की हे असंच चालणार.

उतरण कशी दिसते

2023 चा पहिलाच सामना हुकला. डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या सलामीच्या दोन दिवस आधी सरावात गुडघा मुरगळला. पुढे 15 सामन्यांत 93 कॅच, 984 यार्ड, 5 टचडाउन. एरवी कोणालाही भूषण वाटावेत असे आकडे. गुण झाले 221, म्हणजे सामन्याला पावणेपंधरा. पण पहिल्या फेरीची किंमत मोजलेल्याला आघाडी मिळाली नाही. त्याच वर्षी सॅम लापोर्टा नावाच्या नवख्या पोराने डेट्रॉइटसाठी 86 कॅच, 889 यार्ड आणि 10 टचडाउन करून एकूण 235 गुण काढले, आणि तो ड्राफ्टमध्ये कितीतरी खाली मिळत होता.

2024 मध्ये केल्सीचे 16 सामन्यांत 97 कॅच, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा चार जास्त. पण यार्ड 823 आणि टचडाउन अवघे 3. गुण 197, सामन्याला बारा-सव्वाबारा.

इथे जरा थांबू, कारण म्हातारा खेळाडू वाचायचा कसा याचं उत्तर या एका ओळीत आहे. नुसते कॅच बघितले तर माणूस तसाच आहे, उलट थोडा बरा. दर कॅचला किती यार्ड पडले ते काढा. 2020 मध्ये 13.5, 2022 मध्ये 12.2, 2023 मध्ये 10.6 आणि 2024 मध्ये 8.5. चेंडू हातात येतोय, पण जवळ येतोय, आणि आल्याबरोबर कोणीतरी खाली पाडतंय. पूर्वी झेलल्यावर वळून सात-आठ यार्ड पळायचा ते संपलं. आणखी एक भागाकार करा. 2022 मध्ये त्याच्याकडे 152 वेळा चेंडू फेकला गेला, दर फेकीमागे पावणेनऊ यार्ड पडले. 2024 मध्ये 133 वेळा, आणि फेकीमागे सहाच्या थोडं वर. हुशारी शाबूत होती, पाय थकले होते.

मग कॅच वाढले कसे? शेजारी कोण होतं ते बघा. चीफ्सचा रिसीव्हर टायरीक हिल 2022 च्या मार्चमध्येच मायामीला गेला. 2024 मध्ये मार्क्वीस ब्राउन हंगामाआधीच्या सराव सामन्यात जायबंदी झाला, आणि चौथ्या आठवड्यात रशी राइसचा गुडघा गेला. त्याआधीच्या तीन सामन्यांत केल्सीचे मिळून 8 कॅच होते. राइस गेला आणि चेंडू पुन्हा केल्सीकडे वळला. दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्याला काम मिळालं, असं म्हटलं तर थोडं कठोर होईल, पण खोटं होणार नाही. तात्पर्य असं की ज्येष्ठ टाइट एंडचा पुढचा हंगाम त्याच्या स्वतःच्या गुडघ्याइतकाच शेजारच्या रिसीव्हरांच्या तब्येतीवर ठरतो. संघाने उन्हाळ्यात दोन ताज्या दमाचे रिसीव्हर आणले की आपण त्याची किंमत एक-दोन फेऱ्यांनी खाली आणावी.

2025 चा हंगाम या हिशेबात आणखी एक वळण आणतो. सतराही सामने खेळून 76 कॅच, 851 यार्ड, 5 टचडाउन. दर कॅचमागचे यार्ड पुन्हा 11.2 वर चढले, टचडाउनही वाढले, पण कॅच एकवीसने घटले. बेरीज 191, जवळपास आदल्या वर्षीइतकीच, आणि सामन्याला सव्वाअकरा. वेगळ्या वाटेने येऊन पोचला त्याच गावी. त्यावरून माझं मत असं झालंय की पस्तिशीनंतर या दर्जाच्या टाइट एंडला एक छत लागतं. एक आकडा सुधारला तर दुसरा बसतो, आणि सगळे एकदम वर जाण्याचे दिवस सरलेले असतात. जमीन मात्र बरीच भक्कम राहते.

आपल्याकडे धोनीचं शेवटच्या वर्षांत हेच झालं होतं. आयपीएल 2024 मध्ये स्टेडियम फक्त त्याच्यासाठी भरायचं आणि 220 च्या स्ट्राइक रेटने तो षटकार ठोकायचाही, पण अख्ख्या हंगामात खेळला 73 चेंडू, धावा 161. कौशल्याला कोणी नाव ठेवणार नाही, पण 73 चेंडूंत फँटसीचे गुण येणार कुठून? म्हणून ज्येष्ठाकडे बघताना पहिला प्रश्न संधीचा. मैदानावर किती वेळ, त्यात किती वेळा पळतो, किती वेळा चेंडू त्याच्याकडे येतो. केल्सीची संधी धोनीइतकी आटलेली नव्हती, म्हणून तो अजून कामाचा ठरत होता.

सगळे म्हातारे सारखे नसतात

वय बघून सरसकट फुली मारणाऱ्यांना मी टोनी गोन्झालेझ दाखवतो. अटलांटा फाल्कन्सकडून 2012 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 93 कॅच, 930 यार्ड, 8 टचडाउन. निवृत्ती जवळपास ठरवलीच होती, पण परत आला आणि 2013 मध्ये सदतिसाव्या वर्षी 83 कॅच, 859 यार्ड, पुन्हा 8 टचडाउन. म्हणजे 217 गुण. हे केल्सीच्या 2024 पेक्षा जास्त आहेत! 17 वर्षांच्या कारकिर्दीत तो अवघे दोन सामने चुकला. उंच उडी आणि शरीर मध्ये घालून चेंडू झाकण्याची कला कॉलेजात बास्केटबॉल खेळताना अंगात मुरलेली, तिला वेग लागत नव्हता. शेवटच्या पट्ट्याजवळ तर नाहीच.

उलट बाजूला जेसन विटन. 2018 चं वर्ष त्याने टीव्हीवर समालोचन करण्यात घालवलं आणि 2019 मध्ये सदतिशीत डॅलस काउबॉइजकडे परतला. 63 कॅच, 529 यार्ड, 4 टचडाउन. सामन्याला पावणेनऊ गुण, म्हणजे फँटसीत असला काय नि नसला काय. डॅलसचे चाहते तरीही त्याला घ्यायचे, प्रेम असतं एकेकाचं.

या दोघांच्या मधला आणि आपल्याला जास्त शिकवणारा झॅक अर्ट्झ. एके काळी, 2018 मध्ये, फिलाडेल्फियाकडून 116 कॅच घेऊन त्याने टाइट एंडांचा विक्रम केला होता. 2024 मध्ये वॉशिंग्टनला आला तेव्हा तेहेतीस वर्षांचा, दुखापतींनी पोखरलेला, ड्राफ्टमध्ये जवळजवळ कोणी विचारत नव्हतं. पण तिथे डावपेच आखणारा होता क्लिफ किंग्सबरी, ॲरिझोनात अर्ट्झ त्याच्याच हाताखाली खेळलेला. आणि क्वार्टरबॅक होता पहिल्याच वर्षीचा जेडन डॅनियल्स, ज्याला अडचणीत चेंडू द्यायला एक जाणता माणूस हवा होता. अर्ट्झने 66 कॅच, 654 यार्ड आणि 7 टचडाउन केले, 173 गुण. केल्सीपेक्षा 24 ने कमी, आणि किंमत ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांतली किंवा शून्य. माझ्या मते त्या वर्षी अर्ट्झ घेणारा केल्सी घेणाऱ्यापेक्षा हुशार ठरला.

त्याच वर्षी मायामीच्या जोनू स्मिथने तर 88 कॅच, 884 यार्ड, 8 टचडाउन केले आणि बहुतेक लीगमध्ये तो ड्राफ्टमध्ये गेलाच नव्हता. वेव्हरवर, म्हणजे कोणी न घेतलेल्यांच्या यादीत, पडून होता. 224 गुण फुकटात.

टंचाई सरली तर राजाचं काय

केल्सीच्या किमतीला खरा धक्का त्याच्या गुडघ्याने दिला त्यापेक्षा जास्त बाहेरून बसला. पूर्वी असं म्हणत की टाइट एंड तयार व्हायला तीन वर्षं लागतात, कारण दोन नोकऱ्या शिकायच्या. केल्सीचंच पहिलं वर्ष, 2013, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत वाया गेलं आणि हजार यार्ड पहिल्यांदा झाले ते 2016 मध्ये. आता संघ पोरांना पहिल्या दिवसापासून रिसीव्हरसारखे वापरतात. लापोर्टाचं वर सांगितलंच. 2024 मध्ये लास व्हेगसच्या ब्रॉक बॉवर्सने पहिल्याच हंगामात 112 कॅच घेतले, जे कोणत्याही जागेवरच्या नवख्याने घेतले नव्हते. ॲरिझोनाच्या ट्रे मॅकब्राइडने त्या वर्षी 111 घेतले आणि 2025 मध्ये 126, म्हणजे अर्ट्झचा विक्रम मोडला. 2025 च्या मॅकब्राइडच्या झेलांचे गुण काढले तर ते केल्सीच्या 2022 च्या गुणांशी जवळपास बरोबरी करतात. आघाडी देणारी खुर्ची आहे तिथेच, बसणारा बदललाय.

मग पस्तिशी उलटलेला केल्सी कुठे बसतो? 2024 मध्ये तो टाइट एंडांत साधारण पाचवा होता. ऐकायला छान, पण पाचव्या आणि बाराव्यात आठवड्याला दोन-तीन गुणांचाच फरक पडतो, आणि तेवढ्यासाठी तिसऱ्या फेरीतला रिसीव्हर सोडणं म्हणजे तोट्याचा सौदा. बाजारालाही हे हळूहळू कळलं. 2023 ला पहिल्या फेरीत, 2024 ला तिसऱ्याच्या आसपास आणि 2025 ला सहाव्या-सातव्यापर्यंत तो खाली आला. सातव्या फेरीत आठवड्याला खात्रीचे अकरा गुण हा माझ्या मते सरळ आणि चांगला सौदा. लीगमध्ये टाइट एंडच्या कॅचला दीड गुण असेल तर आणखी एक फेरी वर सरकायला हरकत नाही, 2024 च्या त्या 97 कॅचचे तिथे साडेअठ्ठेचाळीस जादा गुण झाले असते. उलट खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहणाऱ्या डायनेस्टी लीगमध्ये छत्तिशीच्या माणसाला फक्त यंदाच जिंकायच्या तयारीत असलेल्याने हात लावावा.

आणि तो घेतलात तर शेवटच्या फेरीत एखादा तरुण टाइट एंडही घेऊन बाकावर बसवा. एरवी मी दोन टाइट एंड ठेवणाऱ्यांची थट्टा करतो, पण इथे कारण आहे.

डिसेंबरचं दुखणं

फँटसीची अंतिम फेरी बहुधा सतराव्या आठवड्यात होते. खऱ्या लीगचा अठरावा आठवडा आणि त्यानंतरची प्लेऑफ (बाद फेरी) आपल्या हिशेबात नाही. ज्येष्ठ खेळाडूच्या बाबतीत हे फार बोचतं, कारण चांगले संघ त्यांना जानेवारीसाठी राखून ठेवतात. 2023 च्या शेवटच्या आठवड्यात केल्सी 984 यार्डांवर होता, सलग आठव्या हजारीला 16 यार्ड कमी. चीफ्सची जागा पक्की झालेली होती, तो खेळलाच नाही. मग 28 जानेवारी 2024 ला बाल्टिमोरमध्ये त्याच्याकडे अकरा वेळा चेंडू फेकला आणि अकराही वेळा त्याने झेलला, 116 यार्ड, एक टचडाउन. साडेअठ्ठावीस गुणांचा खेळ, आणि तो कोणाच्याच खात्यात गेला नाही. टीव्हीवर लोकांना हाच सामना आठवतो, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच आठवणीने किंमत चढते.

क्वार्टरबॅकचं तसंच. 14 डिसेंबर 2025 ला चार्जर्सविरुद्ध माहोम्सच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि हंगाम संपला. बहुतेक फँटसी लीगची बाद फेरी त्याच आठवड्यात सुरू झाली होती. चीफ्स 6-11 वर संपले, 2014 नंतर पहिल्यांदा प्लेऑफ हुकली. ज्याचं बस्तान दुसऱ्याच्या नजरेला नजर देऊन रिकाम्या जागेत थांबण्यावर आहे, त्याच्या दृष्टीने तो दुसरा माणूस बदलणं म्हणजे अर्धं भांडवल जाणं. तरुण आणि वेगवान टाइट एंड नव्या क्वार्टरबॅकबरोबर दोन आठवड्यांत काहीतरी जुळवून घेतो, वर्षानुवर्षांची सवय असलेल्याला ते जड जातं.

म्हणून माझी रीत अशी की असा खेळाडू स्वस्तात घ्यायचा, सप्टेंबर-ऑक्टोबर वापरायचा आणि विकायची वेळ चुकवायची नाही. ती वेळ ओळखणं सोपं असतं. सोमवारी रात्री सगळा देश बघत असताना तो चौदा कॅच घेतो, मंगळवारी लीगच्या ग्रुपवर कोणीतरी म्हणतं की म्हातारा अजून संपलेला नाही. त्या दिवशी ज्याचा टाइट एंड जायबंदी आहे त्याला फोन करावा आणि बदल्यात एक साधा, धडधाकट, पंचविशीतला रिसीव्हर मागावा. बहुतेक जण देतात. फक्त तारखेवर लक्ष ठेवा, कारण ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत साधारण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आगेमागे संपते.